विश्लेषण : पावसाळा सरताना कोकण-गोव्याच्या समुद्रातील प्राणवायू कुठे जातो?

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो, होड्या पाण्यात लोटल्या जातात आणि कोकण-गोव्यात मासेमारीचा नवा हंगाम सुरू होतो. नेमक्या याच दिवसांत किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, पृष्ठभागाखाली अवघ्या पाच-दहा मीटरच्या खोलीवर पाण्यातील प्राणवायू झपाट्याने कमी होत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही ठिकाणी तो पूर्ण संपतो आणि तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. वरून पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही. हे कळले ते गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे (एनआयओ) शास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर काम करणारे संशोधक विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षे एकाच जागी जाऊन पाण्याच्या बाटल्या भरल्या म्हणून. ही टंचाई निसर्गाने केली की माणसाने, तिचा आधी अंदाज देता येतो का आणि मच्छीमारांना त्याचा काय उपयोग, याचा हा आढावा.

समुद्रात प्राणवायूची टंचाई म्हणजे काय?

मासे, कोळंबी, खेकडे, शिंपले हे सारे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठभागावर एक लिटर पाण्यात साधारण सहा ते सात मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हवेतून तो सतत मिसळत असतो आणि सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतीप्लवक, प्रकाशसंश्लेषणातून त्यात भर घालतात.

हे प्रमाण लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली गेले की शास्त्रज्ञ त्या स्थितीला ‘हायपॉक्सिया’ म्हणतात. पोहून जाऊ शकणारे मासे अशा पाण्यातून निघून जातात. ज्यांना पळता येत नाही, ते गुदमरतात. प्राणवायू जवळपास शून्यावर आला की काही जिवाणू नायट्रेटचा वापर करून श्वसन करू लागतात. नायट्रेटही संपले की पाळी येते सल्फेटची. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच.

हा प्रश्न फक्त भारताचा नाही. २०१७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९६० पासून जगभरच्या महासागरांनी मिळून आपल्या एकूण प्राणवायूपैकी दोन टक्क्यांहून अधिक वाटा गमावला आहे. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो आणि वरचे गरम व खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळणेही कमी होते. महासागरांचा प्राणवायू घटण्याची ही दोन मोठी कारणे आहेत.

अरबी समुद्रातच ही टंचाई इतकी तीव्र का?

खुल्या महासागरात प्राणवायू अत्यंत कमी असलेले तीन मोठे पट्टे जगात आहेत. दोन पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागात, विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला. तिसरा अरबी समुद्रात. येथे साधारण १५० मीटरपासून एक हजार मीटरहून अधिक खोलीपर्यंतच्या थरात प्राणवायू नावालाच असतो.

याचे कारण नकाशात आहे. अटलांटिक किंवा पॅसिफिक महासागर उत्तरेला ध्रुवाच्या दिशेने पसरले आहेत. तेथे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी खोल बुडते आणि दूरवर पोहोचते. अरबी समुद्राच्या उत्तरेला मात्र इराण-पाकिस्तानची जमीन आडवी आहे. ताजे थंड पाणी येण्याची वाट तेथून बंद. खोल थरांतील पाणी दक्षिणेकडून लांबचा प्रवास करून येते आणि येईपर्यंत त्यातील प्राणवायू बराच खर्च झालेला असतो.

दुसरीकडे, मोसमी वाऱ्यांमुळे या समुद्राच्या पृष्ठभागावर पोषणद्रव्ये भरपूर येतात. वनस्पतीप्लवक फोफावते, मरते आणि खाली बुडते. ते कुजवताना जिवाणू प्राणवायू वापरतात. थोडक्यात, आवक कमी आणि खर्च जास्त.

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत काय घडते?

वर सांगितलेला पट्टा खोल समुद्रातला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात दर वर्षी वेगळेच चक्र फिरते.

नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. वरचे पाणी किनाऱ्यापासून आत समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर चढते. हे पाणी पोषणद्रव्यांनी समृद्ध असते, पण मुळातच प्राणवायूने गरीब. मासळीच्या हंगामाला बळ देणारी आणि तिचा श्वास कोंडणारी घटना एकच आहे, हे यातले पहिले वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य पावसाचे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस मांडवी, जुवारी आणि कोकणातील असंख्य छोट्या नद्यांमधून थेट समुद्रात येतो. गोडे पाणी हलके असल्याने ते खारट पाण्यावर तरंगते. या पाच-दहा मीटर जाडीच्या गोड्या पाण्याच्या थराखाली खालचे थंड पाणी भांड्यावर झाकण ठेवावे तसे बंदिस्त होते. हवेतील प्राणवायू झाकणाखाली उतरत नाही. वर भरपूर प्लवक वाढते, ते मरून खाली पडते आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवते.

म्हणून जून-जुलैमध्ये सुरू झालेली घट ऑगस्टमध्ये तीव्र होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोकाला पोहोचते. पुढे वारे बदलतात, प्रवाह उलटा उत्तरेकडे वळतो, खालचे पाणी पुन्हा खोल उतरते आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत समुद्र पुन्हा मोकळा श्वास घेऊ लागतो.

या हंगामी टंचाईने व्यापलेले क्षेत्र सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखाताचा ‘डेड झोन’ जगभर गाजतो. त्याचा २०१७ मधील विक्रमी विस्तारही २३ हजार चौरस किलोमीटरच्या आतच होता.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले?

पश्चिम किनाऱ्यावरील या टंचाईची शास्त्रीय नोंद मुंबईशी जोडलेली आहे. १९५९ मध्ये कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्टू या चौघांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध लिहिला. मुंबईसमोरच्या समुद्रात कमी प्राणवायूचा थर उतारावरून किनाऱ्याकडे कसा चढून येतो आणि त्याचा मासेमारीवर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी कार्ल बान्स यांनी केरळच्या किनाऱ्यावर वर येणारे पाणी आणि तळाची मासेमारी यांचा संबंध दाखवला.

त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली. अनेक देशांच्या जहाजांनी १९६५ पर्यंत हा तोवर दुर्लक्षित राहिलेला महासागर मोजला. मोहीम संपली, जहाजे परतली. पण गोळा झालेली माहिती आणि तयार झालेली माणसे यांतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. तिचे मुख्यालय आज गोव्यात दोनापावला येथे आहे. मुंबई, कोची आणि विशाखापट्टणम येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. जवळच ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. तेथील सागरी विज्ञानाचे विद्यार्थी आणि संस्थेत पीएच.डी. करणारे संशोधक हे या कामातले महत्त्वाचे मनुष्यबळ.

कांदोळीसमोरचे ठाणे काय आहे?

गोव्यातील कांदोळीच्या किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, जेथे समुद्राची खोली साधारण २७-२८ मीटर आहे, अशी एक जागा संशोधकांनी ठरवून घेतली. तेथे ना खांब, ना मनोरा. नकाशावरचा एक बिंदू फक्त. १९९७ पासून शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी बोटीने तेथे जातात, वेगवेगळ्या खोलींवरचे पाणी घेतात आणि परततात. ‘कँडोलिम टाइम सीरिज’ किंवा ‘कॅट्स’ या नावाने ही नोंदमालिका जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांना ठाऊक आहे.

काम ऐकायला सोपे वाटते. तापमान आणि क्षारता मोजणारे उपकरण दोरीने खाली सोडायचे. ठरलेल्या खोलीवर बाटलीची दोन्ही झाकणे बंद करून तेथलेच पाणी वर आणायचे. त्यानंतरची घाई प्राणवायूच्या नमुन्याची. हवेचा एक बुडबुडा जरी बाटलीत राहिला, तरी आकडा चुकतो. म्हणून हलत्या बोटीवरच नमुन्यात दोन रसायने घालून प्राणवायू ‘बांधून’ ठेवावा लागतो.

ही पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका तयार होतो. जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. सप्टेंबरअखेर तळाच्या बाटलीतला साका पांढरा दिसला, की प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच विद्यार्थ्याला कळते, खाली श्वास घेण्यासारखे काही उरलेले नाही. नेमका आकडा मात्र किनाऱ्यावर परतून, थेंबाथेंबाने रसायन घालत रंग नाहीसा होईपर्यंत मोजल्यावरच मिळतो.

यातली सगळ्यात मोठी अडचण हवामानाची. प्राणवायू घसरू लागतो तो ऐन पावसाळ्यात आणि छोटी बोट आत नेणे सर्वांत धोक्याचे असते तेही तेव्हाच. त्यामुळे जून-जुलैच्या नोंदी मिळवणे सर्वांत कठीण.

संशोधनातून काय समोर आले?

नोव्हेंबर २००० मध्ये एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. नक्वी पुढे एनआयओचे संचालक झाले. कांदोळीसमोरच्या आणि पश्चिम किनाऱ्यावरील इतर नोंदींच्या आधारे या निबंधाने दोन गोष्टी मांडल्या. पहिली, किनाऱ्यालगतची प्राणवायूची टंचाई आधीपेक्षा तीव्र झाल्याची चिन्हे आहेत. १९९९ च्या पावसाळ्यानंतर तर उथळ पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडला होता. दुसरी, या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. शिवाय तो ओझोनचा थरही विरळ करतो. प्राणवायू संपत आला की जिवाणू नायट्रेटचे टप्प्याटप्प्याने नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. नायट्रस ऑक्साइड हा त्या साखळीतला मधला दुवा. प्रक्रिया पूर्ण झाली तर तो उरत नाही. पण उथळ समुद्रात वारे-लाटांनी पाणी घुसळले जाते, मधूनच प्राणवायू मिसळतो, साखळी अर्धवट तुटते आणि मधला वायू साठत जातो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे पाणी म्हणूनच जागतिक हवामानाच्या हिशेबात आले.

प्राणवायू घटला की अन्नसाखळीही बदलते. २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या ‘नॉक्टिल्युका’चा संबंध कमी प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. पूर्वी एनआयओमध्ये काम केलेले आणि नंतर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमंट-डोहर्टी वेधशाळेत गेलेले हेल्गा गोम्स व जोआकिम गोएस हे दांपत्य या अभ्यासात होते. नॉक्टिल्युका हा रात्री निळसर चमकणारा एकपेशीय जीव. त्याचा लाल प्रकार कोकणच्या किनाऱ्यांवरही दिसतो आणि लाटा उजळल्या की मोबाइलवर चित्रफिती फिरू लागतात. पण लहान मासे ज्यावर जगतात त्या प्लवकाची जागा अशा जिवाने घेतली, तर ती साखळी माशांऐवजी जेलीफिश आणि साल्प यांसारख्या जिवांकडे वळते.

दोष खतांचा की निसर्गाचा?

संशोधकांमधला खरा वाद येथे आहे. मेक्सिकोच्या आखाताचे उत्तर स्पष्ट आहे. मिसिसिपी नदी शेतांतली खते वाहून आणते, प्लवक बेसुमार वाढते आणि प्राणवायू संपतो. तेथे दोष माणसाचा. अरबी समुद्राबाबत २००० च्या निबंधाने नैसर्गिक चक्र मान्य करूनही, शेती व इतर मार्गांनी समुद्रात येणारे वाढते नायट्रोजन ही टंचाई तीव्र करत असावे, अशी शक्यता मांडली होती.

२०२१ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने वेगळा निष्कर्ष काढला. कोचीच्या सागरी सजीव संसाधन आणि पर्यावरणशास्त्र केंद्राशी संबंधित संशोधकांच्या या निबंधाच्या शीर्षकातच उत्तर होते. जगातील किनाऱ्यालगतचे हे सर्वांत मोठे प्राणवायू-टंचाईचे क्षेत्र मानवी कारणांनी चालणारे नाही, असे त्यांचे म्हणणे. खालून वर येणारे पाणीच मुळात प्राणवायूविना असते, ते स्वतःबरोबर आणत असलेल्या पोषणद्रव्यांपुढे नद्यांतून येणारा वाटा तोकडा ठरतो, असा या मांडणीचा आशय आहे.

दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी त्यांतला फरक समजून घ्यायला हवा. चक्राचे मूळ नैसर्गिक आहे, याबद्दल वाद नाही. ते चक्र गेल्या काही दशकांत बिघडले का आणि कशामुळे, हा वाद आहे. समुद्र तापल्याने खालच्या थरांतला प्राणवायू आणखी घटला, तर खते न वाढताही किनाऱ्यावर चढून येणारे पाणी अधिक गुदमरवणारे असेल.

समुद्र तापण्याचे परिणामही सरळ रेषेत जात नाहीत. २००५ मध्ये ‘सायन्स’मधील अभ्यासात आशिया खंड तापल्याने मोसमी वारे बळावून अरबी समुद्र अधिक उत्पादक होत असल्याचे म्हटले होते. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, गेल्या सहा दशकांत पश्चिम हिंदी महासागरातील वनस्पतीप्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले आहे. पहिला अभ्यास काही वर्षांच्या उपग्रह नोंदींवर, तर दुसरा दीर्घ काळावर आधारलेला होता. किती वर्षांचे मोजले, यावर उत्तर कसे बदलते, हे यावरून कळते.

टंचाईचा अंदाज आधी देता येईल का?

अंशतः येईल, असे आजचे संशोधन सांगते. दर वर्षी टंचाई येते, पण दर वर्षी प्राणवायू शून्यावर जात नाही. असे का, याचे उत्तर एनआयओ आणि फ्रान्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये ‘बायोजिओसायन्सेस’ या नियतकालिकात दिले. १९६० ते २०१२ या काळाचा समुद्र संगणकीय प्रारूपात उभा करून त्यांनी तो तपासला.

त्यांच्या मते किल्ली ‘इंडियन ओशन डायपोल’मध्ये आहे. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील तापमानाच्या फरकातून ही स्थिती घडते. १९९९ मध्ये तिला हे नाव देणाऱ्या गटात भारतीय संशोधकही होते. ही स्थिती ‘धन’ असते तेव्हा भारताच्या दक्षिण टोकाजवळ पूर्वेकडून वारे वाहतात. त्यांतून निर्माण झालेली एक सागरी तरंगमालिका पश्चिम किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकते आणि कमी प्राणवायूच्या थराला खाली दाबते. परिणामी किनाऱ्यावरचा प्राणवायू पूर्ण संपण्याचे टळते. १९९७ आणि २०१९ ही तीव्र धन डायपोलची वर्षे.

उलट बाजू मात्र तितकी सोपी नाही. डायपोल ‘ऋण’ किंवा तटस्थ असेल तर धोका संभवतो, पण तो प्रत्यक्षात येईलच असे नाही. तरीही ही स्थिती उन्हाळ्याच्या अखेरीस आकार घेऊ लागत असल्याने, दोन-एक महिने आधी काही इशारा देता येईल, असे संशोधक म्हणतात. डायपोलचा अंदाज भारतीय हवामान विभाग आजही मोसमी पावसासाठी देतो. तोच अंदाज मासळीसाठी वापरण्याचा रस्ता या संशोधनाने दाखवला आहे.

मच्छीमारांसाठी याचा अर्थ काय?

महाराष्ट्र आणि गोव्यात पावसाळी मासेमारी बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी असते. माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र, ही तिची कारणे. पण प्राणवायूची टंचाई शिगेला पोहोचते ती बंदी उठल्यानंतर, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे कर्ज काढून, डिझेल आणि बर्फ भरून बोटी बाहेर पडतात, त्याच आठवड्यांत तळाचे पाणी माशांना नकोसे झालेले असते.

याचे परिणाम दोन प्रकारचे. तळाशी राहणारी कोळंबी, लेपा यांसारखी मासळी त्या भागातून हलते आणि ट्रॉलरचे जाळे रिकामे येते. दुसरीकडे, वरच्या पातळ थरात किंवा किनाऱ्याच्या अगदी जवळ मासळीची दाटी होते आणि जाळे अनपेक्षित भरते. पाहणाऱ्याला वाटते, यंदा समुद्र भरभरून देतो आहे. प्रत्यक्षात ती कोंडलेली मासळी असू शकते. अशा वेळी बेसुमार उपसा झाला, तर पुढच्या हंगामाची मासळी याच हंगामात संपते.

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून (इन्कॉइस) मासळी कुठे मिळू शकेल याची सूचना मच्छीमारांना मोबाइलवर मिळते. ती प्रामुख्याने उपग्रहाला दिसणारे पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग यांवर आधारलेली असते. उपग्रहाला तळाचा प्राणवायू दिसत नाही. तो बोटीने जाऊनच मोजावा लागतो किंवा पाण्यात उपकरण ठेवावे लागते. कांदोळीसारख्या ठाण्यांचे महत्त्व यात आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण विज्ञानापेक्षा विज्ञानाच्या वेळापत्रकाची आहे. पीएच.डी.ची मुदत साधारण पाच वर्षांची, प्रकल्पाचा निधी बहुधा तीन ते पाच वर्षांचा. समुद्रातले बदल मात्र दशकांत मोजावे लागतात. डायपोलची धन आणि ऋण अशी दोन-चार वर्षे पाहायची, तर एका विद्यार्थ्याची सारी संशोधन कारकीर्द अपुरी पडते. म्हणून एकाने सोडलेली वही दुसऱ्याने उचलायची, तीच जागा, तीच पद्धत, तेच मोजमाप, अशी परंपरा टिकवावी लागते. तिच्यात एका वर्षाचा खंड पडला, तर ते वर्ष परत मिळत नाही.

शिवाय अशा कामाला प्रतिष्ठा कमी. नव्या शोधाला नियतकालिके जागा देतात, ‘याही महिन्यात मोजले’ याला देत नाहीत. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. निधी आटल्याने १९६४ मध्ये त्या नोंदींत काही महिन्यांचा खंड पडला. जागतिक तापमानवाढीचा सर्वांत भक्कम पुरावा ठरलेली ती मालिका तेव्हाच संपली असती. समुद्रात बर्म्युडा आणि हवाई येथे १९८८ पासून सुरू असलेल्या नोंदमालिका आज जगभर वापरल्या जातात. उष्ण कटिबंधातील, मोसमी पावसाच्या किनाऱ्यावरची अशी मालिका विरळा. त्या अर्थाने कांदोळीची वही जगासाठीही मोलाची.

विद्यार्थ्यांची बाजू याहून व्यवहारी आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधक पाठ्यवृत्ती दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती ३५ हजारांवरून ४२ हजार रुपये केली. वाढ स्वागतार्ह होती. पण पाठ्यवृत्ती संपल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. समुद्रात नमुने घेण्याचे कौशल्य पुस्तकातून येत नाही. ते चार-पाच पावसाळ्यांत हाताला लागते आणि नेमके तेव्हाच विद्यार्थी परदेशी किंवा वेगळ्या क्षेत्राकडे वळतो.

पुढे काय व्हायला हवे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली. त्यात सहा हजार मीटर खोल जाणारी मानवी पाणबुडी आहे, तशीच महासागर आणि हवामान बदलाच्या सल्ला सेवांचीही तरतूद आहे. सहा हजार मीटरचे आकर्षण स्वाभाविक. पण पश्चिम किनाऱ्यावरील लाखो मच्छीमारांचा संबंध येतो तो पहिल्या ५० मीटरशी. त्या उथळ पाण्याच्या नियमित नोंदींना प्रकल्पांच्या मुदतीपलीकडचा, कायमस्वरूपी निधी मिळणे ही पहिली गरज आहे.

दुसरी गरज ठाणी वाढवण्याची. कांदोळीचा एक बिंदू संपूर्ण कोकणाबद्दल बोलू शकत नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. या संस्थांच्या विद्यार्थ्यांनी रत्नागिरी, मालवण, अलिबागसमोर ठरलेल्या जागी ठरलेल्या दिवशी तीच पद्धत वापरून मोजमाप केले, तर काही वर्षांत किनाऱ्याचे चित्र उभे राहील. विंकलरच्या पद्धतीला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. लागते ती शिस्त.

तिसरी गरज माहिती किनाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची. ‘यंदा सप्टेंबरमध्ये तळाचा प्राणवायू कमी राहण्याची शक्यता’, एवढे एक वाक्य मराठी आणि कोंकणीत मच्छीमार सोसायट्यांपर्यंत वेळेत गेले, तर डिझेल कुठे जाळायचे, जाळे किती खोल टाकायचे, हे बोटीचा तांडेल अधिक समजून ठरवू शकेल. मोबदल्यात तो जे सांगेल, कोणत्या आठवड्यात, किती वाव खोलीवर मासळी वर आली, त्याची नोंद संशोधकांना प्रारूप तपासायला उपयोगी पडेल.

खतांचा दोष किती आणि तापत्या समुद्राचा किती, याचा निर्णायक निवाडा अजून व्हायचा आहे. तो एखाद्या मोठ्या मोहिमेतून एकदम होणार नाही. येत्या पावसाळ्यांनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोणी तरी कांदोळीसमोर बोट थांबवून तळाची बाटली वर काढत राहिले आणि तिच्यातला साका तपकिरी आहे की पांढरा, हे लिहून ठेवत राहिले, तरच तो होईल.